दहा मिनिटांत येते

२९ डिसेंबर, सोमवार
धुकं. स. ६.५० ला निघाले, महामार्गावरच्या बचाव चौकीवर पोचायला नऊ वाजले. दिल्लीतलं लक्ष्मीबाई नगर ते गाझियाबाद म्हणजे माझा रोजचा परदेश दौरा. नवऱ्याचं, विनयचं ऑफिस घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि तो 'उशीर झाला यार' करत डबा विसरून पळतो. क्वार्टर त्याच्या नोकरीचं, त्यामुळे बोलायची सोय नाही.

सतबीर पुन्हा स्टोअरच्या दारात. बचाव टीमचा प्रमुख तो. चेपलेल्या गाड्या कापून माणसं बाहेर काढणं हे त्याचं काम, आणि त्याला लागणारं सामान सांभाळणं हे माझं, म्हणून भांडण आमच्या दोघांचं. जुन्या कटरचा पंप तेल गळतो, जबडा अर्धाच उघडतो. "मॅडमजी, नया वाला कब निकलेगा?" नवा सेट एप्रिलपासून माझ्याकडे पेटीत पडून आहे. समितीच्या तीन सह्या झाल्याशिवाय रजिस्टरवर चढत नाही, आणि रजिस्टरवर चढल्याशिवाय बाहेर निघत नाही. दोन सह्या झाल्या. तिसरे गृहस्थ जुलैत बदलून गेले, त्यांच्या जागी अजून कोणी नाही. मग मी काय स्वतः सही ठोकू?

३ जानेवारी, शनिवार
मोजणी. दोर, हेल्मेटं, स्ट्रेचर, सगळं जागेवर. गेल्या थंडीत एक सर्चलाइट पाय फुटून चालता झाला आणि मेमो मात्र मला मिळाला. तेव्हापासून ड्यूटी रूममधल्या काचेच्या डबीतली स्टोअरची डुप्लिकेट किल्लीसुद्धा मी पर्समध्ये ठेवते. नियमात बसत नाही. नसू दे. नियम पाळून मेमो खाल्लाय एकदा.

तिसऱ्या सहीसाठी तिसरं स्मरणपत्र पाठवलं. साहेब म्हणाले, "आप बहुत चिट्ठियाँ लिखती हैं।"

९ जानेवारी, शुक्रवार
एक मुलगी गेली. आज नाही लिहवत.

१० जानेवारी, शनिवार
लिहायला हवं. नाहीतर डोक्यात तेच तेच फिरत राहील.

काल स. ७.३५ ला सतबीरचा फोन. मला निघायला उशीर झाला होता, अजून ओट्यापाशी लेकीचा, तन्वीचा डबा भरत होते. धुक्यात उभ्या ट्रकवर मागून कार आदळली होती, चौकीपासून दीड किलोमीटरवर. आत एकटी मुलगी, पाय डॅशबोर्डखाली चेपलेले. जुना कटर दोनदा चालला आणि बसला. "मॅडमजी, डुप्लिकेट चाबी कहाँ है? डिब्बी में तो नहीं है।" म्हटलं, माझ्याकडे आहे. तो म्हणाला, "तो ताला तोड़ दूँ?"

मी म्हटलं, "नहीं, तोड़ना मत। सील लगी है। मैं निकल रही हूँ, दस मिनट में आई।"

दहा मिनिटं. लक्ष्मीबाई नगरहून. धुक्यात. का म्हणाले मी असं? काही विचार करून नाही म्हणाले. गॅसवाला म्हणतो, प्लंबर म्हणतो, विनय रोज म्हणतो, तसं तोंडातून गेलं. पण सतबीर शिस्तीतला माणूस. मॅडम नको म्हणाल्या, मॅडम येतायत, म्हणून त्याने कुलपाला हात लावला नाही.

टॅक्सी गाझीपूरच्या पुढे अडकली. समोर नुसते लाल दिवे. ट्रॅफिक पोलिसांनी रस्ता बंद केला होता, का, तर पुढे अपघात झाला म्हणून. त्याच अपघातापायी झालेल्या जॅममध्ये मी, आणि मांडीवरच्या पर्समध्ये दोन्ही किल्ल्या. सतबीरचे मधे तीन फोन. तिन्ही वेळा मी म्हटलं, बस आलेच. उतरून चालायला लागले. एका ट्रॅफिकवाल्याला सांगितलं तर म्हणाला, "सबको जल्दी है मॅडम।" ओळखपत्र दाखवल्यावर मात्र त्याचा चेहरा बदलला. मोटरसायकलवर मागे बसवून उलट्या बाजूने आणलं बिचाऱ्याने. चौकीवर ९.०५. सील माझ्याच हाताने फोडलं. सेट तिथे पोचला ९.२० ला. नव्या कटरने चार मिनिटांत गाडी उघडली. मी घड्याळ बघत होते. ती त्याआधीच गेली होती. किती आधी, ते नीट कळलं नाही, कुणाला विचारायची हिंमतही झाली नाही.

शिवानी नाव. सव्वीस वर्षांची. नर्स. रात्रपाळी संपवून घरी चालली होती.

१२ जानेवारी, सोमवार
चहाच्या टपरीवर सतबीर स्वतःहून बोलला. शेवटपर्यंत शुद्धीवर होती म्हणे. रक्त थांबवायला पट्टा मांडीला कुठे आणि किती आवळायचा, ते तिनेच त्याला सांगितलं. "भैया और ऊपर, और कसके।" पेशंट तीच आणि नर्सही तीच. मधे मधे किती वाजले विचारायची. "मैं बोलता रहा, चाबी आ रही है बेटा, बस दस मिनट।"

टोमणा म्हणून नाही बोलला. जे झालं ते सांगितलं फक्त. माझ्या हातातला चहा तसाच राहिला. रडू आलं तर बरं वाटलं असतं, पण तेही येईना.

१४ जानेवारी, बुधवार
संक्रांत. दरवर्षी चौकीवर तिळगूळ नेते, यंदाही नेला, नेला नसता तर लोकांनी विचारलं असतं. सगळ्यांना वाटला. 'गोड बोला' म्हणायला जीभ वळली नाही. सतबीरने दोन लाडू उचलले, एक रुमालात बांधला, नातीसाठी.

पहाडगंजच्या आमच्या मराठी शाळेतल्या मैत्रिणींचं संध्याकाळी हळदीकुंकू होतं. डोकं दुखतंय म्हणून कळवलं.

१६ जानेवारी, शुक्रवार
चौकशी झाली. बाहेरून एक अधिकारी आले होते. सतबीरला विचारलं, ताला क्यों नहीं तोड़ा? तो म्हणाला, "सूझा नहीं, सर।"

मी शेजारच्या खुर्चीत. अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं, पान उलटलं. मला विचारलं, किल्ली कुठे होती? म्हटलं, माझ्याकडे. डुप्लिकेट? तीही माझ्याकडे. "हूँ," म्हणाले. फोनचं कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. वाक्य तोंडाशी आलं होतं. आलं आणि परत गेलं.

बाहेर पडल्यावर सतबीरला गाठलं. असं का बोललास? तर म्हणे, "मेरा डेढ़ साल बचा है, आपके ग्यारह। और आप हट गईं तो आपकी जगह जो आएगा, वो तो पुराना वाला भी ताले में रखेगा।" हसला सुद्धा. मला वाटलं त्याने एक थोबाडीत दिली असती तर परवडलं असतं.

१८ जानेवारी, रविवार
विनयला सगळं सांगितलं. फोनवर काय बोलले तेसुद्धा. तो म्हणाला, "तुला कुणी विचारलं का? नाही ना? मग चलो, विषय संपला." बावीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस, दुसरं काय बोलणार. मला राग आला आणि सुटल्यासारखंही वाटलं. या दुसऱ्याचीच जास्त लाज वाटते.

तन्वी ऐकत होती. "आई, हलगर्जीपणा म्हणजे?" म्हटलं, लापरवाही. "अच्छा. मग ते तू कशी असशील? तू तर सगळं बिल्कुल लॉक करून ठेवतेस."

२२ जानेवारी, गुरुवार
आज मनाचा हिय्या करून साहेबांकडे गेले. म्हटलं, कुलूप तोडू नको असं मी सांगितलं होतं, सतबीरचा दोष नाही, मला लेखी द्यायचंय. त्यांनी उठून दार लावलं. मला वाटलं आता आरडाओरडा होणार. छे! आवाज अगदी मऊ.

"कौन सा ताला? कौन सा नया सेट, मॅडम? रजिस्टर में दिखाइए।"

रजिस्टरमध्ये नाहीच. तिसरी सही नाही, म्हणजे सेट आलाच नाही. सेट नाही तर किल्लीचा प्रश्न नाही, फोनचा नाही, माझा नाही. त्यांचाही नाही, हे ओघाने आलंच. माझा जबाबही, किल्लीचं वगळून, फाइलमध्ये 'नव्याने' लागणार आहे. गुन्हा कबूल करायला गेले आणि तो ठेवायला जागा नाही, असं झालं. निघताना म्हणाले, एप्रिलची डिलिव्हरीची पोच आणून द्या. सेट आल्याचा पुरावा तो, आणि त्यावर माझीच सही आहे.

म्हटलं, "ढूँढती हूँ."

पोच कुठल्या फाइलमध्ये आहे ते मला झोपेतही सांगता येईल.

२४ जानेवारी, शनिवार
सकाळी आले तर स्टोअरमधली ती जागा रिकामी. काल संध्याकाळी मी गेल्यावर ट्रक आला होता. डुप्लिकेट किल्ली माझ्याकडून साहेबांनी गुरुवारीच मागून घेतली होती, तेव्हाच ओळखायला हवं होतं. पेटी कुठे गेली कुणाला ठाऊक नाही. फरशीवर चौकोनी डाग राहिलाय, नऊ महिन्यांच्या धुळीचा. झाडूवाल्याने तोही दुपारी पुसून काढला.

जुना कटर दुरुस्तीला गेलाय. म्हणजे आज या रस्त्यावर कुणी अडकलं तर आमच्याकडे सब्बल, म्हणजे पहार, आणि हात.

२९ जानेवारी, गुरुवार
अहवाल आला. दाट धुकं, वाहनाची अवस्था, आणि टीमप्रमुखाची 'कर्तव्यात दिरंगाई'. सतबीरच्या सेवापुस्तकात शेरा, बढती बंद, बदली. शेवटच्या दीड वर्षात हवालदाराची बढती म्हणजे काय, ते त्याच्या घरच्यांना विचारा.

सतबीर आपली ट्रंक आवरत होता. मी तिथे उभी, हात बांधून. "सामान सँभाल के रखना मॅडमजी," म्हणाला. मी मान हलवली.

४ फेब्रुवारी, बुधवार
माहिती अधिकाराखाली अर्ज आलाय, शिवानीच्या वडलांचा, मुख्यालयात नऊ दिवस पडून आलेला. हापुडचे निवृत्त मास्तर. अक्षर मोत्यासारखं, समास सोडून लिहिलेलं. चार प्रश्न. पहिले दोन वेळांचे, चौथा रुग्णवाहिकेचा. तिसरा: त्या दिवशी चौकीवर दुरुस्त अवस्थेतलं आणखी कुठलं उपकरण होतं का? होतं, तर ते का वापरलं नाही?

उपकरणांची माहिती स्टोअरने द्यायची. म्हणजे मी. साऱ्या चौकीत हा कागद फिरून फिरून माझ्याच टेबलावर आला.

११ फेब्रुवारी, बुधवार
मसुदा दिला. तिसऱ्याला लिहिलं: होय, होतं. खाली कारण, माझ्या नावासकट. साहेबांनी तेवढ्या भागावर लाल रेघ मारली, वर लिहिलं 'निरंक', म्हणजे काहीच नव्हतं, आणि पुन्हा टाइप करायला पाठवलं. चिडलेसुद्धा नाहीत. पोच मिळाली का, एवढं विचारलं. म्हटलं, अजून नाही. त्यांना ते खरं वाटत नाहीये, आणि मला तेही चालतंय.

पोचेची झेरॉक्स काढून घरी आणलीय. तन्वीच्या जुन्या पुस्तकांमागे ठेवली. विनयला नाही सांगितलं. 'वेडी झालीस का' म्हणेल, आणि त्याचंही बरोबर आहे. तन्वीचं बारावीचं वर्ष. माझी नोकरी गेली तर काय, हा हिशोब मलाही येतो.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
सतबीरला फोन केला. म्हटलं, मी खरं लिहून देतेय. वाटलं होतं, बरं वाटेल त्याला. तो म्हणाला, "मत कीजिए। मुझे जो मिलना था मिल गया, आपको मिलने से मेरा कटेगा नहीं।" मग म्हणाला, "और मास्टरजी को भी क्या मिलेगा? अभी सोचते हैं कोहरा था। फिर सोचेंगे चाबी थी।"

खरं सांगून त्या माणसाला आणखी दुःख द्यायचं, की खोटं लिहून त्यांची फसवणूक करायची? आणि हे सगळं मी त्यांच्यासाठी करतेय की माझ्या झोपेसाठी? झोप तशी लागतच नाही.

नवी समिती नेमलीय म्हणे. तीन सह्यांची.

२३ फेब्रुवारी, सोमवार
मुदत परवा संपतेय. वाटलं होतं उत्तर डाकेने जाईल, आपल्याला कुणाचं तोंड बघावं लागणार नाही. पण मास्तर आज स्वतःच आलेत, हातोहात न्यायला. हापुडहून पहिल्या बसने. राखाडी स्वेटर, कापडी पिशवी. स्टोअरसमोरच्या बाकावर बसलेत.

मी कॉरिडॉरमधून आले तशी उठून उभे राहिले, हात जोडले. शिपायाने सांगितलं असणार की उत्तर या मॅडम देतात. म्हणाले, "सतबीर जी मिले थे हमसे, घर आए थे। बता रहे थे कि आप उस दिन आधे रास्ते पैदल दौड़कर आई थीं। भगवान आपका भला करे।"

मी आत आले, दार लोटलं, आणि हे लिहितेय. आभार मानले त्यांनी माझे. माझे!

समोर दोन कागद. एकावर 'निरंक', साहेबांची सही झालेली, माझी बाकी. दुसरा, 'होय, होतं' लिहिलेला, सकाळी घरून टाइप करून आणलाय, मागे पोचेची झेरॉक्स. त्यावर फक्त माझीच सही लागते. पेन दोन्हींसाठी एकच. साहेब मीटिंगमध्ये आहेत, बाराला बाहेर येतील. पावणेबारा झालेत.

शिपाई येऊन गेला. मास्तर विचारतायत, पोच म्हणून सही कुठे करायची, आणि कागदावर लिहायला मॅडमचं पूर्ण नाव काय.