करड्या रंगातले दामियाव काका

फोर्तालेझा, ४ मे २००६

ति. नाझारे आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझे पाकीट पोचले. फोटो सुखरूप आहेत. येशूच्या पवित्र हृदयाच्या वार्षिक प्रार्थनेला शेजारीपाजारी जमतील, त्याआधी आपली सगळी लेकरे एका चौकटीत भिंतीवर हवीत, हा आजीचा हुकूम मी पाळला आहे. चित्र सोबत पाठवते.

कॉलेजच्या संगणक-खोलीत चित्रांचा एक साधा प्रोग्राम आहे. प्रत्येकाला आपापल्या फोटोतून कडेकडेने कापून मी शेजारी शेजारी बसवले. बाबांच्या खांद्यावर कुणा परक्याचा हात उरला होता. तो पुसताना बाबांचा कानच गेला, मग कान परत आणला. अडचण झाली ती फक्त दामियाव काकांची. सोन्याच्या खाणींकडे गेल्यापासून त्यांची काहीच खबर नाही; त्यापूर्वीचा त्यांचा एकच फोटो, तोही काळा-पांढरा, कुणाच्या लग्नातला, मागच्या रांगेतला. मोठा करताच चेहऱ्याचे नुसते चौकोन झाले. तेव्हा मी त्याची प्रत घेतली, तिचे काळे-पांढरे उलटे केले, ती किंचित धूसर करून मूळ चित्रावर ठेवली. अशाने शिसपेन्सिलीने काढल्यासारख्या रेषा उरतात. मला तर सर्वांत तेच देखणे वाटले.

आजीला काय वाटले ते सविस्तर कळव. तिचा आशीर्वाद मागितला आहे म्हणून सांग.

तुझी,
जुसिलेनी


जुआझेरो, १५ मे

चि. जुसिलेनीस अनेक आशीर्वाद.

पोरी, हे काय करून बसलीस? चित्र उघडलं तेव्हा आई खुशीत होती. चित्रातल्या तुझ्या बाबाकडे बघून म्हणाली की हा गाढव स्वतःच्या लग्नातसुद्धा इतका नीटनेटका दिसला नव्हता. मग तिचं बोट सरकत सरकत दामियावपाशी आलं आणि तिथंच थांबलं. बाकी सगळे रंगात आणि तो एकटाच करडा.

तू शहरात वाढलीस, तुला कोण सांगणार! आमच्या गल्लीत फोटो रंगवून देणारे म्हातारे तर्तुलियानो होते. गिऱ्हाइकाला ते एवढंच विचारायचे, यातलं कोण आहे आणि कोण गेलंय. असेल त्याच्या गालावर गुलाबी चढायचा, गेलेल्याला ते करडाच ठेवायचे. इथली शेंबडी पोरंसुद्धा भिंतीकडे बघून सांगतात, या घरातलं कोण मातीत आहे.

आईनं शोकाचा काळा झगा बाहेर काढला. जेवण जवळजवळ सोडलंय. शेजारची एस्पेदिता कॉफीची किटली घेऊन हजर झाली, तिच्यामागून बायका जपमाळा घेऊन. मी ओरडलेच त्यांच्यावर, की बातमी कुणी दिली तुम्हाला? तर एस्पेदिता मलाच म्हणते, चित्र भिंतीला लागलं, आता आणखी काय दवंडी पिटायची? आईची खात्री झालीय की तुझ्या बाबाला कळलंय, तोंडानं सांगायची छाती नाही, म्हणून त्यानं लेकीच्या हातून हे असं कळवलं.

दुकानातल्या फोनवर बोलायची सोय नाही, अख्खी गल्ली कान लावून असते. तेव्हा लिहून सांग, आणि खरं तेच सांग. तुम्हाला काही कळलंय का? हे आईसाठी विचारत नाही गं. मी त्याची धाकटी बहीण आहे.

तुझी आत्या,
नाझारे


फोर्तालेझा, २२ मे

ति. आत्यास, शि. सा. न. वि. वि.

देवाशपथ सांगते, आम्हांला काहीही कळलेले नाही. बाबांना तुझे पत्र दाखवले. ते माझ्यावर चिडले, की एवढी पुस्तके वाचतेस, आपल्या माणसांच्या भिंती वाचता येत नाहीत?

पत्र मिळाल्यापासून माझे कशात लक्ष नाही. संगणक-खोलीत जाऊन काकांना रंग द्यायला बसले. शर्ट निळा केला, पण त्यांचा शर्ट निळा होता का? डोळे तपकिरी की काळे? गालावर गुलाबी चढवायला गेले आणि हात थबकला. आत्या, आता तो रंग नुसता रंग राहिलेला नाही. तो दिला तर काका आहेत अशी साक्ष मी देते. न दिला तर नाहीत अशी. आणि मला दोन्हींतले एकही ठाऊक नाही. चढलेली थोडीशी लाली तशीच पुसून टाकली.

हे पत्र आजीला वाचून दाखव. दोष माझ्या अज्ञानाचा आहे, बाबांचा नाही. काय करू ते तिनेच सांगावे. ती सांगेल तसेच करीन. फक्त तिने जेवावे.

तुमच्या मायेची भुकेली,
जुसिलेनी


जुआझेरो, ३१ मे

चि. जुसिलेनीस आशीर्वाद.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. शर्टाशी पोचले तेव्हा ती पुटपुटली, निळा कसला, त्याला निळा कधी आवडला नाही. पुढचं पुन्हा वाचायला लावलं. मग तुला एक सणसणीत शिवी दिली, ती मी लिहीत नाही. आणि मग म्हणाली की आधी वाटीभर फरीन्याच्या पिठाची पेज आण, रिकाम्या पोटी शिव्यासुद्धा धड सुचत नाहीत. इतक्या दिवसांनी पोटभर खाल्लं. मी चुलीपाशी जाऊन रडून घेतलं.

आता तिचं म्हणणं ऐक. दामियावला रंग द्यायचा नाही. तो आहे की नाही हे एका देवाला माहीत, ते कुठल्या पोरीनं यंत्रावर ठरवायचं नाही. पण तो एकटा उभा राहता कामा नये. म्हणून तिलाही तशीच पेन्सिलीत काढ आणि त्याच्या शेजारी उभी कर. मी म्हटलं, आई, अगं तू धडधडीत जिवंत आहेस, लोक काय म्हणतील? तर म्हणाली, म्हणू देत. मी इथंच खुर्चीत बसून त्यांना आलुआचे पेले भरून देईन, मग बघते कोण जपमाळ काढतंय.

हसले मी, पण जिवंत आईला करड्यात बघायचं म्हणजे काय! तिनं सांगितलंय म्हणून कर. पाकिटातला तिचा रंगीत फोटो मात्र जपून ठेव, मला परत हवाय.

तुझीच,
नाझारे आत्या


फोर्तालेझा, ९ जून

ति. आत्यास, शि. सा. न. वि. वि.

प्रार्थनेच्या दिवसाआधी चित्र पोचावे म्हणून हे पत्र घाईत लिहिते.

आजीचा रंग काढला, तेव्हा पडद्यावर तिचे ओठ एका क्षणात विझले. मी घाबरून केलेले रद्द केले, रंग परत आला. असे दोन-तीनदा झाले. शेवटी डोळे मिटून बटण दाबले.

मग दोघांना शेजारी ठेवले, आणि रंगांमुळे इतके दिवस न दिसलेले दिसले. कपाळ तेच, भुवईचा बाकही तोच. काकांच्या त्या फोटोत हनुवटी नव्हतीच. पुढच्या माणसाच्या टोपीने ती झाकली होती. पहिल्या चित्रात मी तिथे सावली ओढून वेळ मारून नेली होती. या वेळी आजीच्या हनुवटीच्या रेषा उचलल्या आणि त्यांना लावल्या. कुठे सांधा दिसत नाही.

हे आजीला सांगावे की नाही, ते तू ठरव. माझी आपली कल्पना आहे की ती पाहील आणि म्हणेल, हा अगदी असाच होता.

माझ्यावरचा तुम्हा दोघींचा राग पुरा झाला असेल तर लोभ असू द्यावा. झाला नसेल तरीही असू द्यावा.

तुझी,
जुसिलेनी