आधीचे गृहस्थ

१८ सप्टेंबर

प्रिय खारू,
अनेक आशीर्वाद.

ताप उतरला का? मला कसं कळलं म्हणशील. ते पुढे येईलच.

इकडे ठीक आहे. गच्चीवरच्या टाकीचा पाइप एकदाचा बदलला. प्लंबरने तीनदा उद्या येतो म्हणून सांगितलं आणि चौथ्यांदा न सांगता आला. आत्या उन्हाळ्यापासून इथेच आहे. तिच्या हातचं खाऊन माझं वजन वाढलंय. ती म्हणते, घरात कोणीतरी बाळसं धरायला हवंच. बैठकीतला सोफा आत नेला, तिथे आता पलंग टाकला आहे.

हे हाताने लिहितेय, अक्षर गोड मानून घे. हल्ली कीबोर्डवर बसले की माझ्याकडून वेगळंच कोणीतरी लिहितं.

तुमच्या चित्रांच्या साइटबद्दल लिहायचं आहे. मला त्यातलं फार कळत नाही, पण एवढं समजलंय की खेळ बनवणाऱ्यांसाठी तुम्ही सगळे झाडं, भिंती, राक्षस, नाणी काढून तिथे ठेवता. कोणीही न्यावीत, हवी तशी बदलावीत, फक्त काढणाऱ्याचं नाव द्यावं. आणि तुम्हाला सर्व्हरची जागा एक कंपनी फुकट देते. त्या कंपनीत तुझे बाबा काम करतात.

तू घर सोडलंस त्याच्या पुढच्या वर्षी ते जुनी नोकरी सोडून इथे लागले. तुला बोलले नाही, कारण बाबांचा विषय निघाला की तुझ्या फोनची रेंज जायची.

साइट सारखी बंद पडायला लागली आणि तू जागेसाठी सगळ्यांना आवाहन केलंस, ते त्यांनी वाचलं होतं. मालकांकडे गेले आणि म्हणाले, जागा तुम्ही द्या, देखभाल मी माझ्या वेळात करतो. कंपनीचं नाव पानाच्या तळाशी लागलं. स्वतःचं मात्र त्यांनी कुठेही येऊ दिलं नाही. मी टोमणा मारला की ज्या मुलाला ‘फुकट वाटायला चित्रं काढतोस, तर फुकट जेवायला कोण घालतं तेही बघ’ म्हणालात, त्यालाच आता फुकट जागा देताय. त्यांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसत होते.

साइटला अडचण आली की तू कंपनीच्या सपोर्टला जे लिहायचास ते सगळं त्यांच्याकडे यायचं, खारू. उत्तरं तेच लिहायचे. दोन ओळींची, कोरडी. ‘मोठ्या फायली वेगळ्या हलवल्या आहेत, पान आता लवकर उघडेल.’ एकदाच कामापलीकडचं लिहिलं, की दलदलीतली झाडं चांगली जमली आहेत. त्यावर तू दोन पानं लिहिलीस, पाण्यातली मुळं काढायला किती दिवस लागले, कोणता हिरवा फसला, सगळं. त्या दिवशी जेवताना ते ताटाकडे बघत म्हणाले, ‘‘मुळं जमलीत त्याला.’’ मला कळेना कोणाची मुळं. विचारलं तर म्हणाले, भाजी वाढ.

म्हणजे तुम्ही दोघं इतकी वर्षं बोलत होतात. मीच तेवढी दोन्हीकडचे निरोप गिळत बसले होते.

आता खरं ते लिहिते. मे महिन्यात ऑफिसच्या जिन्यात त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. जिवाचा धोका टळला आहे. काठी धरून न्हाणीघरापर्यंत जातात. ‘हो’ म्हणता येतं. नाही म्हणायचं असलं तरी तोंडून ‘हो’च येतं, मग स्वतःवरच चिडतात.

दवाखान्यातून घरी आणलं त्याच आठवड्यात तुझा सपोर्टला निरोप आला होता. लॅपटॉप वाजला आणि ते डाव्या हाताने तिकडे दाखवत अस्वस्थ व्हायला लागले. मालकांना फोन केला. ते म्हणाले, वहिनी, सर्व्हरचं काम त्यांच्या हाताखालची मुलगी बघेल, उत्तर तेवढं तुम्ही टाका, त्यांना बरं वाटेल. म्हटलं, दोन दिवसांचा प्रश्न आहे. ती मुलगी काय केलं ते फोनवर सांगायची आणि मी ते टाइप करायची. त्यांना वाचून दाखवून मगच पाठवायची.

तुला हे तेव्हाच कळवायला हवं होतं. त्यांना नको होतं, हे खरं. तुला कळवू का म्हटलं की नकारार्थी मान हलवायचे. दयेपोटी येईल, असं त्यांना वाटत असावं. पण मी त्यांच्या पाठीमागे लपणार नाही.

रविवारी तू मला फोन करतोस. बरा आहेस, जेवलास, काम चाललंय. झालं. आणि सपोर्टला लिहिताना तू खोलीच्या खिडकीबद्दल लिहायचास, घरमालकाच्या मांजराने चित्रं काढायच्या टॅबलेटवर पाय देऊन राक्षसाला पाचवा डोळा कसा काढला ते लिहायचास. मला ‘तुम्ही’ म्हणायचास आणि किती मोकळा असायचास. खरं सांगितलं की हे थांबेल, एवढंच मला दिसत होतं. नवरा अंथरुणाला खिळलेला आणि मी सकाळी चहा ठेवायच्या आधी लॅपटॉप उघडून बघतेय, खारूचं काही आलंय का. याला काय म्हणायचं ते तूच ठरव.

परवा साइट बंद पडली तेव्हा तू लिहिलंस की अंगात ताप आहे, तरी बसलोय. मी त्यांना न विचारता उत्तर पाठवलं, की आधी काहीतरी खाऊन घ्या, साइट कुठे पळत नाही. त्यावर तू विचारलंस, ‘‘आधीचे ते गृहस्थ रजेवर आहेत का? कमी बोलायचे, पण रोज लक्ष ठेवून आहेत असं वाटायचं. त्यांना माझा नमस्कार सांगा.’’

सांगितला. वाचून दाखवला, दोनदा. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. नंतर मी विचारलं, त्याला कळवू का? ते ‘हो’ म्हणाले. त्यांच्या ‘हो’ची आता खात्री नसते, म्हणून हात हातात घेऊन परत विचारलं. त्यांनी बोटं घट्ट धरली आणि सोडेनात.

आता कामाचं. मालकांनी नवा भागीदार घेतलाय आणि त्याला फुकट खाती नको आहेत. पुढच्या महिनाअखेरीस जागा सोडावी लागेल. ती मुलगी सगळ्या फायली नीट तुझ्या हवाली करेल. दुसरी जागा आतापासून शोध. एवढ्या लोकांची चित्रं आहेत, कोणाचं एक झाडही हरवायला नको.

आणि इकडचं. डॉक्टर म्हणतात, त्यांच्याशी सतत बोला, त्यांना ज्यात रस आहे ते बोला. आत्या आणि मी भाज्यांचे भाव बोलतो, ते डोळे मिटून घेतात. साइट कुठे हलवायची, कशी हलवायची, हे त्यांच्याशी बोलेल असं या घरात कोणी नाही.

राग आला असेल तर येऊ दे. माझ्यावर काढ, त्यांच्यावर नको.

हे पाकीट पोस्टात टाकलं की सपोर्टचा पासवर्ड मी त्या मुलीला देऊन टाकणार आहे. मग मला तुझ्या खिडकीतलं काही दिसणार नाही, तू आईला सांगशील तेवढंच.

तुझी, नाव न बदलता लिहिणारी,
आई