रियाद की रियाध

३ मार्च
व्हिसाचा फॉर्म परत आला. एजन्सीतली मुलगी हसून म्हणाली, "काका, चौकटीच्या आत लिहायचं असतं, चौकटीवर नाही." चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या, आता हातच तसा पडतो— प्रत्येक अक्षर ऐसपैस. पण खरी चूक तिनं नंतर दाखवली. धाकट्या लेकीनं तिथून पाठवलेल्या पत्रात शहराच्या नावाला शेवटी एच आहे, मी तो गाळला.

का गाळला ते मला पक्कं ठाऊक आहे. पूर्वी एका ट्रॅव्हलवाल्याची पाटी केली होती, त्यावर हेच नाव होतं. फळी कमी पडली, मी एच खाल्ला. आमच्या धंद्यात अक्षरं मोजतात, वाचत कोण बसतंय! ती पाटी अकरा वर्षं टांगलेली होती, कुणी हूं की चूं केलं नाही. हाताला तेवढंच पाठ.

नवा फॉर्म आणलाय. व्हिसाची मुलाखत अठराला. धाकटीला आठवा महिना, डॉक्टरनं पडून राहायला सांगितलंय, जावई बारा-बारा तास कामावर. आम्ही पोचलो नाही तर तिच्याजवळ कोणी नाही. आणि इथे मी एच खातोय.

४ मार्च
फॉर्म तीनदा तपासला. एच आहे.

७ मार्च
आता नवी काळजी. मुलाखतीच्या साहेबासमोर शहराचं नाव उच्चारायचं कसं? ही म्हणते रियाध. एजन्सीतली मुलगी म्हणते रियाद. वरच्या मजल्यावरचे मास्तर अरबी शिकवायचे, त्यांच्याकडे गेलो. म्हणाले, "ध नाहीच मुळी. जड द आहे, जीभ दाढेला लावून काढायचा. इंग्रजीत तसं अक्षर नाही, म्हणून डीला एच जोडला. तो बघून आपण ध करून मोकळे झालो." नावाचा अर्थ म्हणे बागा. आणि नावाच्या आधी एक 'अर्' पण आहे! एक काम करायला जावं तर दुसरं गळ्यात.

निघताना मास्तर म्हणाले, "एवढं कशाला, मुलीलाच विचारा की फोनवर." मी म्हटलं, तिला विश्रांती हवी. थाप मारली. तीन वर्षांत मी तिच्याशी एक अक्षर बोललेलो नाही. आमच्या पाट्यांच्या दुकानात तिच्यासारखा स्थिर हात दुसऱ्या कुणाचा नव्हता, माझाही नाही. लग्नानंतर निघाली तेव्हा मी म्हणालो, ब्रश टाकून जाणार असलीस तर मला फोन करू नकोस. तिनं केला नाही. शब्दाची पक्की— कुणावर गेली ते सांगायला नको.

९ मार्च
आरशासमोर जीभ दाढेला लावून बसलो होतो. हिनं दारातून विचारलं, "दाढ दुखतेय का?"

११ मार्च
ही रोज स्वयंपाकघरातून तिला फोन करते. मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचतो, म्हणजे पान उलटत नाही. आज हिला म्हटलं, तिला विचार, तिथले टॅक्सीवाले नाव कसं घेतात. म्हणाली, "तुम्हीच विचारा. मी काय तुमची पोस्टमन?" बरोबर आहे तिचं. पण तीन वर्षांनी फोन करून मी काय विचारू— जड द की हलका?

१४ मार्च
धाकटीचे पाय सुजलेत. हिनं सांगितलं नाही, मला भिंतीआडून कळलं. दिवसभर जेवण गेलं नाही.

१७ मार्च
उद्या. मास्तरांनी पास केलं. म्हणाले, "ऐंशी टक्के." उरलेल्या वीस टक्क्यांत व्हिसा गेला तर?

१८ मार्च
साहेबानं शहराचं नाव विचारलंच नाही! कागद चाळले, हिला दोन प्रश्न, मग माझ्याकडे बघून, "मुलीशी शेवटचं कधी बोललात?"

मास्तरांकडून ही शिकवणी घ्यायची राहिली होती. ही माझ्याकडे बघेना, खिडकीकडे बघत राहिली. मी म्हणालो, काल.

त्यानं लिहून घेतलं. "आम्ही त्यांनाही फोन करून खातरजमा करतो," म्हणाला. बसमध्ये ही एवढंच म्हणाली, "खरं सांगितलं असतं तरी चाललं असतं."

१९ मार्च
ती खोटं बोलत नाही. लहानपणी रंगाचा डबा सांडला तरी स्वतः येऊन सांगायची. साहेबाला सरळ सांगेल, तीन वर्षं झाली. मग दोघांचंही जाणं रद्द. आणि ते तिच्यामुळे नाही, माझ्या तोंडामुळे.

२० मार्च
हिला म्हटलं, तिला आधीच सांगून ठेव. "काय सांगू? बाबांनी थाप मारली, तूही मार?"

२२ मार्च
काही कळलं नाही. तिची सूज वाढलीय.

२४ मार्च
दोघांचेही व्हिसे आले. सकाळी ही स्वयंपाकघरातून फोन कानाला धरूनच बाहेर आली. म्हणाली, "तिला त्या साहेबाचा फोन आला होता. वडिलांशी शेवटचं कधी बोललात, म्हणून विचारलं त्यानं." मी मान वर केली नाही. "ती म्हणाली, काल."

मी हात पुढे केला. फोन दे म्हटलं.