माझ्या छपराखाली नाही

८ जून, सोम.
यर्ट आला. सेकंडहँड. ट्रेलरवरून उतरवला तर नुसता दांड्यांचा ढीग, लाकडी जाळ्या नि कॅनव्हासचं गाठोडं. नवऱ्याने, नितीनने, समुद्रातल्या गॅसच्या रिगवरून फोन करून विचारलं, पाहुण्यांची खोली रिकामी असताना हा गोल तंबू कशाला? म्हटलं, दादा येतोय ना पुण्याहून. तो माझ्या छपराखाली झोपणार नाही.
लेक म्हणाली, "मम, दॅट्स सो मीन." असू दे.

११ जून, गुरु.
शिफ्टहून आल्यावर एकटीनेच भिंत उभी केली. जाळी सोडली की पसरते. तासभर झटल्यावर कळलं, आधी तिच्या कमरेला पट्टा आवळायचा. हिरव्या मुंग्या चावल्या त्या वेगळ्याच. छप्पर बाकी. छपराचे दांडे ज्यात अडकतात ते मधलं कडं कुणीतरी डोक्यावर धरून उभं राहिल्याशिवाय ते लागत नाहीत.

१३ जून, शनि.
दादा आला. केस पार पांढरे. एअरपोर्टवर रडला. मी ट्रॉली ढकलत राहिले. रात्री छप्पर नसलेल्या त्या गोल भिंतीच्या आतच त्याची गादी टाकली.
आईच्या शेवटच्या दिवसांत मी दर रविवारी फोन करायचे. दर रविवारी हाच उचलणार. "बरी आहे, झोपलीय." आणि मग एकदम, "गेली." मी नर्स. इथे डार्विनमध्ये लोकांच्या आयांची कूस बदलून देते, आणि माझ्या आईची...
दोन वर्षं झाली. सोडणार नाही.

१४ जून, रवि.
सकाळीच दादाला मधोमध उभा केला नि कडं दिलं हातात. तीनच दांडे लावले. एवढ्यावर ते तोल धरत नाही, हात काढला तर सगळं अंगावर. मी खुर्ची ओढली नि त्याच्यासमोर बसले.
"अगं, लाव की पुढचे. हात भरून आले."
"मला का नाही सांगितलंस?"
आधी म्हणाला, तुला रजा मिळाली नसती. मी चहा पीत राहिले. मग म्हणाला, तुला उगाच घोर नको म्हणून. हात थरथरायला लागले त्याचे. बरं वाटलं मला. खरंच बरं वाटलं.
शेवटी खाली बघत म्हणाला, "तू आली असतीस तर तिने माझ्याकडे पाहिलंही नसतं. इतकी वर्षं मी केलं तिचं. शेवटचे दिवस मला हवे होते."
उठले. उरलेले दांडे लावले.

२४ जून, बुध.
तंबूत झोपतो, तक्रार नाही. खोटं बोलला असता तर सोपं गेलं असतं. आता राग दुप्पट झालाय. आईचे ते दिवस याने चोरले नि ते आता फक्त याच्याकडे आहेत. काय खात होती, काय बोलत होती, माझं नाव काढलं का. हवे असतील तर याच्याकडेच मागायला लागणार. परवा जातोय.
आज दुपारी दोनदा तंबूच्या दारापर्यंत गेले. दोन्ही वेळा चहा हवा का, एवढंच विचारलं. दोन्ही वेळा हो म्हणाला.