पोस्टरवर पूर्ण नाव

मी, फरहत गुलाम रसूल शेख, वय चोवीस, धंदा लेखन, राहणार वडसा (देसाईगंज), जिल्हा गडचिरोली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. ‘धंदा लेखन’ वाचून माझा भाऊ फैज हसेल. हसू दे, शब्द खोडला जाणार नाही. येत्या सोमवारी नागपूरला माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. बिघाड झडपेत आहे, डोक्यात नाही. माझ्यावर कोणाची जबरदस्तीही नाही; उलट हे लिहू नको म्हणूनच घरचे मागे लागले आहेत.

१. माझी सायकल फैजला. तिचा ब्रेक त्यानेच बिघडवला आहे. बँकेत जे असेल ते कायद्याप्रमाणे अम्मी-अब्बांचं. त्यातून अम्मीने आधी चष्मा करावा.

२. बी.ए.ची पदवी, आमच्या घरातली पहिली, अब्बांच्या शिवणकामाच्या दुकानात टांगलेली आहे. अब्बा झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांचे पडदे आणि पोशाख शिवतात. पदवी तिथेच राहू द्यावी. तिच्या बाजूला मी एक तक्ता लावला होता: यंदा नोकरी, पुढच्या वर्षी पुस्तक, मग पुरस्कार. तो मी फाडला. त्याच्याकडे पाहिलं की मला नुसती धडकी भरायची आणि हातून एक ओळ होत नसे. माझं नाटक लिहून झालं ते अब्बांच्या मशीनमुळे. मशीन चालू तोवर मी लिहायचं, दोरा तुटला की मान वर करायची. कापड बेतायच्या खाकी कागदाच्या मागच्या बाजूवर तिन्ही अंक उतरले.

३. विडीसाठी तेंदूपत्ता तोडणाऱ्या बायांवरच्या या नाटकाचे सर्व हक्क माझी कॉलेजची मैत्रीण दीपिका वारलू उसेंडी, तालुका धानोरा, हिला. पहिला अंक वाचून ती म्हणाली होती, “पानं तोडाले गेलेली बाई असं बोलते काय वं? तिले तहान लागली आहे, अन् तू तिच्याकडून भाषण करवून राह्यली.” त्या दिवशी मी अख्खा अंक नव्याने लिहिला.

वारसांच्या संमतीशिवाय परक्याला तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त देता येत नाही, असा आमचा कायदा आहे. पण एक अंक दीपिकाला आणि दोन घरच्यांना अशा वाटणीने नाटक उभं राहत नाही. म्हणून अम्मी-अब्बांनी माझ्यामागे संमती द्यावी. अब्बांना विचारलं तर म्हणाले, “तू पह्यले वापस ये. मंग बोलू.”

४. कंपनीमालक गुणवंतराव यांना काहीही नाही. पडद्याचं माप द्यायला ते दुकानात आले तेव्हा त्यांनी नाटक पसंत केलं. मग म्हणाले, “झकास लिवलं बाई. पोस्टरवर ‘फ. शेख’ टाकू. लोकायले वाटन मानूस आहे.”

मी विचारलं, “काऊन?”

“पोरीनं लिवलेलं नाटक कोन बुक करन? अन् तेबी तुमच्यातल्या पोरीनं?”

अब्बांनी तोंडातली टाचणी काढली. “भाऊ, तुमच्या नाटकातल्या रामाचा शेला बी आमच्यातल्यानंच शिवला. त्याले बुकिंग भेटते ना?”

गुणवंतराव हसले, पण बधले नाहीत. ते गेल्यावर अब्बाच हळू आवाजात म्हणाले, “‘फ. शेख’ बी बुरं नाई, बेटा. नाटक त होईन.” मला अब्बांचा राग आला नाही. पण दुसऱ्याच दिवशी मी कंपनीच्या ऑफिसात जाऊन संहिता उचलून आणली. या मोसमात नाटक लागणार नाही, हे मला माहीत आहे. माझ्यामागे कोणी दया म्हणूनही त्याला ‘फ. शेख’ या नावाने उभं करू नये.

५. दीपिका, तू आता लिहू लागली आहेस. तुला हे: एका पात्राने प्रश्न विचारला की तिथेच ऊठ. उत्तर द्यायला दुसऱ्या दिवशी बसावंच लागतं. आणि कोणी नाही म्हटलं त्या दिवशी सुटी घेऊ नकोस. त्या दिवशीचे संवाद चांगले तिखट होतात.

६. मी परत आले तर वाटणी रद्द, पण नावाबद्दलचं कलम माझ्या जिवंतपणीही लागू राहील. मग मी एकेका कंपनीचं दार वाजवीन. सगळ्यांनी नाही म्हटलं तर पहिला प्रयोग दीपिकाच्या गावी, शाळेच्या पटांगणात. पोस्टर मी रंगवून ठेवलं आहे. ‘लेखिका: फरहत गुलाम रसूल शेख’, नटांच्या नावांइतक्याच मोठ्या अक्षरात. तारखेची जागा तेवढी कोरी आहे. मी असले तर तारीख मी घालीन, नसले तर दीपिकाने घालावी. ती जागा कोरी राहता कामा नये.

सही: फरहत गुलाम रसूल शेख

आमच्यासमोर सही केली:
मुखरू मेश्राम, नाटकाचे प्रॉम्प्टर
नीलाबाई गेडाम, नटी

ठिकाण: वडसा
दिनांक: ९ ऑक्टोबर २०२५