चौथ्या गल्लीतलं उरलेलं झाड

तीर्थरूप मामांना,

तुमच्या दोन्ही गुडघ्यांना हात लावून (दुखऱ्याला जरा हळू) नमस्कार. मामींचा खोकला उतरला असेल असं धरून चालतो. वनस्पतिशास्त्राचं कॉलेज मी अर्ध्यावर सोडल्यापासून तुम्ही माझं नाव टाकलंत, हे आईकडून कळलं. ते योग्यच आहे. तरी हे पत्र शेवटपर्यंत वाचा, कारण तुमचा भाचा आता नगरपालिकेत चिकटला आहे (तात्पुरता, पण डिंक बरा आहे).

कामाचं स्वरूप असं. शहरातली झाडं कमी होऊ लागली म्हणून पालिकेने नियम केला, की प्रत्येक झाड मोजायचं, बुंध्यावर पिवळ्या रंगाने नंबर घालायचा, आणि एकदा नंबर पडला की खुद्द मालकानेही त्याची फांदीसुद्धा छाटायची नाही. मोजणारा मी. हेतू इतका चांगला, की पहिल्या दिवशी माझे डोळे भरून आले (थोडे रंगाच्या वासानेही). लोक घरी सापडावेत म्हणून आदल्या संध्याकाळी रिक्षातून भोंग्यावर सांगत फिरायचं, की उद्या तुमच्या गल्लीत झाडं मोजणार, ही कल्पना माझी. साहेबांनी पाठ थोपटली. पहिल्या गल्लीत जुन्या नकाशाप्रमाणे एकेचाळीस झाडं होती. आम्ही पोचलो तेव्हा सहा. दुसरीत दोन. तिसरीत एकही नाही, पण स्वागत काय वर्णावं. चहा, खुर्च्या, लख्ख झाडलेली अंगणं, आणि सगळ्यांच्या चपलांना लाकडाचा भुसा. एक आजोबा खोडावर सतरंजी टाकून बसले होते. घरात फोन तीनदा वाजला, पण आम्ही जाईपर्यंत ते काही उठले नाहीत. करवतवाला कायम आमच्या एक गल्ली पुढे. मला म्हणाला, भाऊ, पुढच्या आठवड्याचं वेळापत्रक आधी देत जा, माझी माणसं दमतात. मी त्याची कॉलर धरली (आणि सोडली, कारण करवत त्याच्या हातात होती). तसाच साहेबांकडे धावलो, तर साहेब खूश. महिन्याभराचं काम आठवड्यात उरकत आलेलं, शिवाय अहवालात लिहून झालेलं, की नंबर पडल्यानंतर एकही झाड तुटलेलं नाही. हे अक्षरशः खरं होतं, त्यामुळे मला धड भांडताही येईना.

आता चौथी गल्ली. तिने भोंग्याची वाटसुद्धा पाहिली नाही, आधीच सगळं आडवं करून मोकळी झाली. उरलं ते घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांच्या अंगणातलं एकच झाड. त्यांना एक मुलगी आहे (हे खरं तर आधी सांगायला हवं होतं). ती रोज सकाळी त्या झाडाखाली उभी राहून वर बघत असते. मला वाटलं, झाडावर जीव असलेलं आपल्याशिवाय आणखी कुणीतरी आहे या जगात. मग काय, साडेसहाला कुंपणावरून उडी मारली आणि बुंध्यावर नंबर घातला, रंगाचे तीन हात देऊन, खाली एक छोटं फूल काढून (हे नियमात नाही). दहा वाजता करवतवाला आला. त्याला तिच्या वडिलांनीच बोलावलं होतं, कारण मुळांनी फरशी उचलली आहे, मोरी फोडली आहे, आणि भिंत एवढी कलली आहे की तिच्यावर टांगलेलं लंबकाचं एकही घड्याळ चालत नाही. नंबर पाहून तो आल्या पावली परत गेला. वडील माझ्यावर तापले. मीही तापलो आणि भर गल्लीत त्यांना वृक्षद्रोही म्हणालो (सासरे होण्याआधी म्हटलेलं धरू नये). तेवढ्यात ती बाहेर आली, हातात झाडू.

"अहो नंबरवाले," ती म्हणाली, "मी रोज वर बघायचे ती आज किती पानं पडणार याचा अंदाज घ्यायला. मला विचारलं होतंत का?"

नव्हतं विचारलं, मामा. पालिकेनेही कुणाला विचारलं नव्हतं, पण पालिकेला कुणी झाडू दाखवत नाही.

आता तिसऱ्या आणि चौथ्या गल्लीतले कावळे त्या एका झाडावर राहतात आणि दोन्ही गल्ल्यांतल्या स्कूटर त्याच्याच सावलीत. रोज सकाळी मी तिथे झाडायला जातो. तिचे वडील खिडकीतून राहिलेले कोपरे दाखवतात. आमचं बोलणं सध्या एवढंच आहे, पण रोजचं आहे.

तुमचा (एकेकाळी लाडका) भाचा

ता. क. : वरचं लिहून झाल्यावर धीर करून लग्नाचं विचारलं, तर तिच्या वडिलांनी साफ सांगितलं, आधी झाड हलवा, मग लग्नाचं बोला. नंबर पडलेलं झाड तोडायचं तर ते धोक्याचं आहे असा वनस्पतिशास्त्राच्या पदवीधराचा दाखला लागतो. शहरात असा एकही पदवीधर नाही (एक होता होता राहिला). तेव्हा प्राचार्यांना भेटून मला पुन्हा दुसऱ्या वर्षात बसवता का? कॉलेज सोडताना मी त्यांच्या टेबलावर जी कुंडी आपटली, तिच्याबद्दल वाटेल ती माफी माझ्या वतीने मागा.

आणखी एक ता. क. : प्राचार्यांकडे इतक्यात जाऊ नका. कॉलेज सुरू झालं की सकाळी झाडायला येता येणार नाही, हे मी आज तिला सांगितलं. तिने माझ्या हातातला झाडू घेऊन बुंध्याला टेकवला. मग म्हणाली, राहू दे ते झाड. याचा नक्की अर्थ काय होतो, ते मामींना विचारून उलट टपाली कळवा.