बाराही डबे नापास

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात समजावा. माझे गुडघे हल्ली आठांपैकी दोन अंगं द्यायला तयार नाहीत.) तुझा खोकला उतरला आणि वहिनीच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं, हे वाचून बरं वाटलं. माझी तब्येत उत्तम आहे. तू तिची चौकशी एका ओळीत उरकलीस आणि माझ्या व्होल्ट मोजायच्या मीटरच्या बॅटरीची सहा ओळींत केलीस. मी मोजल्या. तेव्हा आधी त्याचंच उत्तर देते. बॅटरी संपत आली की या मीटरच्या पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात बॅटरीचं बारीकसं चित्र उमटतं, हे तूच मला शिकवलंस. ते उमटलेलं नाही. मी रोज पाहते. विषय संपला. (आणि तो मीटर तू मला नोकरी लागली तेव्हा दिलास. दिलास म्हणजे दिलास. तो तुझ्या दुरुस्तीच्या दुकानातून उसना नेला होता, हे तुझं म्हणणं सव्वीस वर्षं जुनं झालं म्हणून खरं होत नाही.)

मागच्या पत्रात घाईत दोनच ओळी लिहिल्या होत्या, म्हणून तुला नसत्या शंका आल्या. आता सगळं सविस्तर ऐक. माझ्या लॅबमध्ये बारा डबे आहेत. संगणक आणि तारा यांच्यामधले हे दुभाषे. मुलांनी संगणकात पाच व्होल्ट लिहिले की डब्याच्या दोन स्क्रूंवर पाच व्होल्ट यायला हवेत. त्याचं काम एवढंच. तरी दर वर्षी कोणी ना कोणी तक्रार घेऊन येतंच, की बाई, आमचा डबा चुकीचे व्होल्ट देतो. शंभरांत नव्वद वेळा डबा बरोबर असतो आणि तक्रार करणारा चुकलेला असतो. याच सत्रात एकाने डब्याला थेट पंख्याची मोटर जोडली आणि पाचाचे दोन झाले म्हणून डोळ्यांत पाणी आणलं. मी त्याला सांगितलं की हा डबा निरोप देतो, हमाली करत नाही. मोटरला वेगळा पुरवठा दे. दिला, आणि पाचाचे पाच झाले. दुसरीने जमिनीची तारच जोडली नव्हती, मग आकडा आपला भटकतोय वाऱ्यावर. तिसऱ्याने तार शेजारच्याच डब्यात खोचली होती आणि तासभर स्वतःच्या डब्याला शिव्या घालत होता. हे सगळं मी मीटर हातात न घेता, नुसतं बेंचजवळून जाताना ओळखलं. आता मला सांग, अशा बाईला कोणी शिकवावं?

शिकवायला निघाले धाकटे सर. (दोन वर्षांपूर्वी आलेले. खडू धरता येत नाही, पण मतं भरपूर.) झालं असं की सत्राच्या दुसऱ्या आठवड्यात पाचाच्या जागी पाच पूर्णांक दोन दशांश यायला लागले. एका डब्यावर नाही, बाराही डब्यांवर. पुढच्या आठवड्यात चार दशांश, त्याच्या पुढच्या आठवड्यात आठ. बिघाड वाढत होता, आणि सारखा पसरत होता. मी तारा बदलल्या. संगणक बदलले. प्रोग्राम पुसून पुन्हा घातला. विजेच्या कामगाराला बोलावून अर्थिंग खणायला लावलं. तो दिवसभर खणून म्हणाला की अर्थिंग त्याच्या लग्नापेक्षा भक्कम आहे. मग एकापासून दुसऱ्याला लागण होऊ नये म्हणून मी प्रत्येक डबा वेगळ्या बेंचवर ठेवला. (हसू नकोस. त्या वेळी ते शहाणपणाचं वाटलं होतं.) यावर धाकटे सर म्हणाले, एकदा दुसऱ्या मीटरने पाहू या का.

आता माझ्या लॅबमध्ये दुसरा मीटर चालत नाही, हे तुला ठाऊक आहे. अकरा वर्षांपूर्वी दोन मीटरांनी दोन आकडे दाखवले आणि परीक्षेच्या दिवशी दोन परीक्षक भर लॅबमध्ये एकमेकांना निरक्षर म्हणाले. त्या दिवसापासून मी बाकीचे सात मीटर कपाटात बंद केले आणि फळ्याच्या वर लिहिलं: एक लॅब, एक मीटर. तेव्हापासून भांडण नाही. या सत्रात तर मीटरला नवं, चांगलं मोठं लेबल लावलं, 'बाईंचा मीटर, हात लावू नये', म्हणजे कोणाला वाचता आलं नाही अशी सबब नको. हे सगळं मी धाकट्या सरांना उभ्या उभ्या ऐकवलं. ते आपल्या बेंचकडे वळले. पण पहिल्या बाकावरची, जिला सगळे शंकासूर म्हणतात, ती वही मिटून हळूच म्हणाली, "बाई, बारा जण एकदम सारखंच कसं चुकतील? आम्ही चुकलो की तुम्ही म्हणता कॉपी केली."

मी तिला बाहेर उभं केलं. अर्धाच तास.

मग मी रीतसर अहवाल लिहिला, की बाराही डबे सदोष, वापरण्यास अयोग्य. खाली सही. प्रत्येक डब्याला लाल कार्ड बांधलं, त्यावर माझ्या अक्षरात 'नापास'. शनिवारी गाडी येऊन ते भंगारात नेणार आहे. नवे डबे पुढल्या सत्रात येतील. तोवर प्रॅक्टिकल बंद. नवे विभागप्रमुख (हेही माझ्याच हाताखालून गेलेले, त्यांचं जर्नल मी दोनदा परत केलं होतं, आणि ते परत करण्याच्याच लायकीचं होतं) म्हणाले की बाई, तुमच्या सहीवर जातोय, पण दोष दुसरीकडे निघाला तर लॅबच्या किल्ल्या स्टोअरकीपरकडे जातील. मी म्हटलं, खुशाल. सव्वीस वर्षं त्या किल्ल्या माझ्या कमरेला आहेत. माझी सही चुकली तर मीच काढून देईन. तेव्हा तू काळजी करू नकोस, आणि बॅटरीबद्दल पुन्हा लिहू नकोस.

वहिनीला डोळ्यांत थेंब वेळेवर घालायला सांग. तिला नाही, तुलाच सांगते. घालायचे तुला आहेत.

तुझी धाकटी, पण न चुकलेली,
बहीण

ता.क. पत्र पाकिटात घातलं होतं, पण पाकीट चिकटवलं नव्हतं. आज सकाळी मीटरच्या लेबलाचा एक कोपरा सुटलेला दिसला. सुटलेलं लेबल मला बघवत नाही. नीट लावावं म्हणून ते पूर्ण सोलून काढलं, तर त्याच्या खाली, पडद्याच्या कोपऱ्यात, बॅटरीचं चित्र. चांगलं ठसठशीत. केव्हापासून होतं देव जाणे. मी रोज पाहत होते, दादा, पण लेबलाकडे.

ता.क. २. बॅटरी उतरली की मीटर आकडे फुगवून दाखवतो, तेव्हा नवी घातली. बाराही डबे पाचावर. एकही इकडे नाही की तिकडे नाही. मी लॅबमध्ये एकटीच होते. गप्प बसले असते तर कोणाला काही कळलं नसतं. शनिवारी डबे गेले असते, नवे आले असते, माझ्या मीटरने तेही पाचावर दाखवले असते आणि किल्ल्या जागच्या जागी राहिल्या असत्या. हा विचार मी केला. एक कप चहा संपेपर्यंत केला. पण दादा, इतक्या वर्षांत मी पुष्कळांना नापास केलं, आणि पास असलेल्याला एकदाही नाही. आता सुरुवात करण्याचं माझं वय नाही. विभागप्रमुखांच्या खोलीत गेले, किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि सगळं सांगितलं. नाक मुठीत धरून नाही, खुर्चीत बसून. वर्गातही सांगितलं. शंकासुराला म्हटलं, पुढच्या वेळी मी बाहेर काढलं तर दारातून पुन्हा विचार. ती म्हणाली, विचारलं होतं, पण दार बंद होतं.

ता.क. ३. खरं काम आता. विभागप्रमुख मला म्हणाले, "बाई, तुमच्या सहीने डबे वाईट ठरले. आता त्याच सहीने चांगले कसे ठरवू?" बोलले ते बरोबर बोलले, आणि हे मी त्यांना सांगितलेलं नाही. गाडी येण्याआधी दुसऱ्या माणसाने दुसऱ्या मीटरने बाराही डबे तपासून लिहून दिलं तर डबे राहतील आणि मुलांचं प्रॅक्टिकल सोमवारपासून होईल. किल्ल्यांचं ते त्यानंतर बघणार आहेत. कपाटातले सात मीटर काढले, तर अकरा वर्षांत त्यांच्या बॅटऱ्या पाझरून आतून सगळे गंजलेत. धाकट्या सरांकडे मागायला मी जाणार नाही. तेव्हा तू शनिवारी दहाच्या आत तुझा मीटर घेऊन ये. बॅटरी तपासून आण. 'मी सांगितलं होतं' हे तुला एकदा म्हणता येईल, बसमधून उतरताना. लॅबच्या दारात नाही.

ता.क. ४. माझा मीटर परत मागू नकोस. तो आता बरोबर आहे. नवं लेबल पाठीमागे लावलं आहे. मजकूर तोच.